‘येता येता’चं गणित

शहराच्या नव्या आराखड्यात घरापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर छोटी व्यापारी केंद्रं दाखवली, की वाद कसा पेटणार हे आता आधीच सांगता येतं. एक बाजू म्हणते, हा माणसांना वस्तीत कोंडायचा डाव आहे. दुसरी बाजू एक रंगीत चित्र पुढे करते. त्या चित्रात झाड असतं, झाडाखाली बाक असतो, बाकावर आजोबा असतात, मागे काचेची दुकानं आणि समोरून सायकलवर जाणारी एक हसरी मुलगी. त्या चित्रात ऊन कधी चढलेलं नसतं आणि माल उतरवणारा टेम्पो कधी आडवा लागलेला नसतो. पॅरिसमधले प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनी ‘पंधरा मिनिटांचं शहर’ ही कल्पना 2016 मध्ये मांडली, पॅरिसच्या महापौरपदाच्या 2020 च्या निवडणुकीत ॲन इदाल्गो यांनी ती उचलली, आणि 2023 च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डात तिच्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. तिथे खरं तर दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली होती. काही रस्त्यांवर ठरावीक वेळी मोटारींना अटकाव करण्याची एक योजना होती, आणि रोजच्या गरजा पायी अंतरावर भागाव्यात असं म्हणणारं दुसरंच एक धोरण होतं. गल्लत टिकली, कारण ती भांडणाऱ्यांच्या सोयीची होती.

मला या वादात दोन्हीकडे एकच चूक दिसते. दोघंही दुकानांविषयी भांडतात. दुकानं जवळ असावीत की नसावीत, कोणती असावीत, किती देखणी असावीत. पण छोटं केंद्र ज्यावर जगतं ती गोष्ट दुकानाच्या बाहेर असते, त्याच्या दारावरून जाणाऱ्या पावलांत. मराठीत यासाठी दोन नेमके शब्द आधीपासून आहेत: ‘मुद्दाम’ आणि ‘येता येता’. मोठ्या बाजाराला माणूस मुद्दाम जातो, वेळ काढून, यादी करून, जमलं तर सोबत घेऊन. कोपऱ्यावरच्या दुकानात तो येता येता शिरतो. औषधाची पट्टी, वहीची पानं, बटण तुटलेला शर्ट, चार्जरची वायर ही कामं स्वतंत्र फेरी काढण्याइतकी मोठी कधीच नसतात. ती दुसऱ्या कुठल्या तरी फेरीच्या पाठीवर बसून होतात. तेव्हा शहराने अशी केंद्रं जरूर आखावीत, आणि मनावर घेऊन आखावीत, या मताचा मी आहे. पण आखायची असते ती वाट, फाटक, कोपरा आणि गाळ्याचं माप. कोणत्या गाळ्यात काय विकलं जाईल, ते विकणाऱ्यावर सोडावं. आपले आराखडे नेमकं उलटं करतात. दुकानांची जागा रंगवतात आणि तिथे पोचायचं कसं हे देवावर सोपवतात.

कोंडण्याचा आक्षेप आधी बाजूला करू. घराजवळ दवाखाना झाला म्हणून दूरच्या रुग्णालयात जायला बंदी होत नाही, इतकं साधं उत्तर त्याला पुरतं. मात्र त्या आरड्याओरड्यात एक खरी भीती दडलेली आहे आणि तिची टिंगल करणाऱ्यांनी ती ऐकून घ्यायला हवी होती. ‘तुमच्यासाठी काय चांगलं ते आम्ही ठरवलं आहे’ हा सूर नियोजनाच्या कागदांतून खरोखर येतो, आणि विसाव्या शतकात या सुराने वस्त्याच्या वस्त्या पाडल्या आहेत. संशय घेणारा प्रत्येक जण खुळा नसतो. त्या संशयाचं बोट मात्र चुकीच्या दिशेला आहे. सुई हवी तरी गाडी काढा, अशी शहरं आपण बांधली, आणि गाडी न चालवणारी बारा वर्षांची मुलगी किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालेले ऐंशीचे आजोबा तिथे दुसऱ्याच्या सवडीवर हिंडतात. हा कोंडमारा कुठल्या मोर्चाच्या फलकावर येतो का?

दुसरा गैरसमज असा, की पायी अंतरावरचा व्यापार ही कुणीतरी नव्याने काढलेली टूम आहे. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर पॉम्पेई पाहा. तिथल्या श्रीमंत घरांच्या रस्त्याकडच्या खोल्या दुकानांना दिलेल्या असत. दुकानाच्या उंबऱ्याच्या दगडात लांब खाच कोरलेली दिसते. रात्री त्या खाचेत एकापुढे एक लाकडी फळ्या सरकवून दुकान बंद करायचं. एका भिंतीवर भाड्याची जाहिरात सापडली आहे. ग्नायस अलेयस निगिडियस मायस यांच्या मालकीच्या चौकातली पोटमाळ्यासह दुकानं, वरच्या खोल्या आणि एक घर 1 जुलैपासून भाड्याने देणे आहे, इच्छुकांनी प्रायमस या गुलामाला भेटावं. घर, दुकान आणि भाड्याची खोली एकाच भिंतीच्या आत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलेलं दिसत नाही. शहरांच्या इतिहासात हीच सर्वसाधारण स्थिती आहे. नवी टूम म्हणायचीच तर ती घर आणि दुकान यांची कायद्याने केलेली ताटातूट, आणि तिला जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं झाली आहेत.

त्या ताटातुटीमागे कारण होतं, हे मान्यच करायला हवं. कातडी कमावण्याचे कारखाने, धुराडी, कत्तलखाने झोपायच्या खोलीला लागून असण्यात काव्य काही नव्हतं. न्यूयॉर्कने 1916 मध्ये अख्ख्या शहराला लागू होणारे वापर-विभागांचे, म्हणजे कुठल्या भागात काय चालेल हे ठरवणारे, नियम केले. 1926 मध्ये ओहायोतल्या युक्लिड या गावाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाने अशा विभागणीला मान्यता दिली. निकालात न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं, की उपद्रव म्हणजे कित्येकदा योग्य वस्तू अयोग्य जागी असणं, जसं गोठ्याऐवजी दिवाणखान्यात आलेलं डुक्कर. उपमा झकास आहे, आणि बरोबरही आहे. पण पुढच्या काळात तिचा असा काही विस्तार झाला, की शिंप्याचं मशीन, वह्यापुस्तकांचं दुकान आणि दाताचा डॉक्टर हे सगळेच डुक्कर ठरले. त्याच निकालात सदनिकांच्या इमारतीलाही बंगल्यांच्या वसाहतीत ‘निव्वळ बांडगूळ’ म्हटलं आहे, हे वाचलं की या विभागणीत धुरापासून बचाव किती आणि शेजाऱ्यांची निवड किती, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

आता नकाशावर केंद्राची जागा दाखवणाऱ्या ठिपक्याकडे येऊ. आराखडा करणारे ठिपक्याभोवती कंपासने वर्तुळ काढतात. साधारण चालीचा माणूस पाच मिनिटांत 400 मीटर जातो, म्हणून त्रिज्या 400 मीटर, आणि वर्तुळात जमीन येते सुमारे 50 हेक्टर. पण माणूस कंपासच्या टोकासारखा सरळ जात नाही, तो रस्त्याने जातो. रस्ते काटकोनात असतील तर 400 मीटर चालून जिथवर पोचता येतं तो आकार वर्तुळाचा राहत नाही, उभ्या धरलेल्या पतंगासारखा होतो, आणि त्यात जमीन उरते 32 हेक्टर. एकही भिंत न बांधता, निव्वळ वळणांमुळे एक तृतीयांशाहून जास्त गिऱ्हाईक गेलं. हेक्टरी 200 माणसं राहत असतील तर दहा हजारांची साडेसहा हजारांच्या आत आली. तरी एक छोटं केंद्र तेवढ्यावर उभं राहू शकतं. पण विरळ बंगल्यांच्या वसाहतीत हेक्टरी 30 माणसं असतील, तर दीड हजारांची हजारसुद्धा उरत नाहीत. त्यात तान्ही मुलं आली, अंथरुणाला खिळलेले आले, आणि सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला परतणारे आले. उरलेल्यांच्या भरवशावर शटर कोण उचलेल?

आणि अजून आपण कुंपणाच्या भिंतींपर्यंत आलेलोच नाही. समजा तुमच्या इमारतीच्या गच्चीवरून दुकानाची पाटी स्पष्ट वाचता येते. सरळ रेषेत 60 मीटर. पण मधे सात फुटांची भिंत आहे, वसाहतीचं एकुलतं एक फाटक विरुद्ध टोकाला आहे, आणि फाटकाबाहेरचा रस्ता भिंतीला वळसा घालून येतो. चालायचं अंतर झालं 700 मीटर. अशा भिंती नीट पाहाव्यात. कुठे तरी एक विटेचा थर पडलेला असतो, एका बाजूला उपडी बादली, दुसऱ्या बाजूला दगड, आणि दोन्हीकडून आलेली, गवत झिजून पिवळी पडलेली पायवाट तिथे येऊन भेटते. सोसायटी दर वर्षी ते खिंडार बुजवते आणि ते पुन्हा पडतं. नियोजनाच्या कचेरीत लोकांचं मत मागवायला सूचना-हरकतींचे अर्ज असतात. माझ्या मते ते खिंडार हा त्या अर्जांहून जास्त प्रामाणिक अर्ज आहे. तिथे साडेतीन फुटांचं फाटक बसवलं तर एकही नवं दुकान न बांधता केंद्राचं गिऱ्हाईक वाढतं. तरी दुकानांच्या मजल्यासाठी सवलती देणारी किती तरी शहरं सापडतात, आणि भिंतीत फाटक ठेवण्याबद्दल सवलत देणारी शोधावी लागतात.

इथे विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा पुढे येतो, आणि तो मानाने ऐकला पाहिजे. ते म्हणतात, लोकांनी स्वतःच निवड केली आहे. आठवड्याची खरेदी एकदाच, मोठ्या दुकानातून, स्वस्तात. उरलेली घरपोच, फोनवरून. छोट्या दुकानाचा काळ गेला, आणि आराखड्यात ठिपके काढून तो परत येणार नाही. याला पुरावाही हवा तितका आहे. ‘तळमजल्यावर दुकानं सक्तीची’ असा नियम केलेल्या शहरांत नव्या इमारतींचे तळमजले वर्षानुवर्षं रिकामे पडलेले दिसतात. असा एक सक्तीचा गाळा जवळून पाहण्यासारखा असतो. रुंदी बारा फूट, खोली पन्नास. म्हणजे मागचा अर्धा भाग दिवसाही अंधारात. दर्शनी बाजूला बरोबर मधोमध खांब, कारण वरच्या सदनिकांचा आराखडा आधी ठरला. जोतं रस्त्यापासून तीन पायऱ्या वर, त्यामुळे बाळाची गाडी ढकलत येणारी आई बाहेरच. धूर काढायला नळकांडं नाही, म्हणून खाण्याचा धंदा बाद. पाण्याचा नळ आहे तो मागच्या भिंतीला, म्हणून न्हावीही बाद. शटरवर भाडेकरू पाहिजे अशी पाटी, पाटीवर धूळ, आणि पुढे दोन मोटारी कायमच्या लावलेल्या. बांधणाऱ्याने नियम पाळला आणि नफा वरच्या मजल्यांतून काढला. गाळा चालावा ही त्याची गरज कधी नव्हतीच.

हा पुरावा मला मान्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. एका रस्त्याला वीसच गाळे पोसण्याइतकी वर्दळ असेल आणि नियमाने तुम्ही दोनशे बांधायला लावले, तर एकशे ऐंशी बंद राहतील आणि बंद शटरांच्या ओसाडीने उरलेल्या वीसांनाही खातील. यावरून दोनशे जास्त होते एवढं सिद्ध होतं. वीस नको होते हे सिद्ध होत नाही. सगळीकडे थोडं थोडं पसरलेलं दुकान म्हणजे कुठेच नसलेलं केंद्र. म्हणून सक्ती करायचीच तर ती अगदी थोड्या जागी करावी, जिथे वाटा आधीच एकत्र येतात तिथे: बसथांब्यापासून घराकडे वळायचा कोपरा, शाळेचं फाटक, दवाखान्याचं दार. बाकी ठिकाणी परवानगी असावी, सक्ती नको. आणि घरपोच येणाऱ्या मालाबद्दल म्हणायचं तर, केस कापून घेणं, दात काढणं, चावी बनवणं, मूल पाळणाघरात सोडणं, चप्पल सांधून घेणं फोनवरून होत नाही. छोट्या केंद्राचा मुख्य धंदा विकण्यापेक्षा सेवेचा होत चालला आहे. वस्तू पार्सलने येते. मग ते पार्सल घ्यायला, परत करायला जवळ एक जागा लागतेच.

वाटेचा विचार न करता आखलेल्या दुकानांचं काय होतं, याचा जगातला सर्वांत बोलका नमुना ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया. 1960 मध्ये उद्घाटन झालेल्या या शहरात लुसिओ कोस्टा यांनी मोठमोठे निवासी चौक आखले आणि दोन चौकांच्या मधे स्थानिक दुकानांच्या रांगा ठेवल्या. दुकानांची तोंडं आतल्या हिरवळीकडे, चौकातल्या रहिवाशांकडे. रस्त्याकडे पाठ, तिथून फक्त माल उतरवायचा. कागदावर हे फार शहाणपणाचं होतं. माणसं झाडांतून चालत येतील, वाहनांशी त्यांची गाठच पडणार नाही. पण माणसं रस्त्याने ये-जा करत होती. दुकानदारांनी हळूहळू मागच्या दाराचं पुढचं दार केलं, पाट्या रस्त्याच्या बाजूला लावल्या, आणि वास्तुकलेच्या विसाव्या शतकातल्या एका अत्यंत विचारपूर्वक आखलेल्या शहरात दुकानांच्या रांगाच्या रांगा पाठमोऱ्या फिरल्या. पुढे शहराच्या उत्तर भागात अशा इमारती बांधताना सगळ्या बाजूंना दर्शनी दुकानं येतील अशी रचना झाली. दुकानदारांनी कुठला सिद्धान्त मांडला नव्हता. गिऱ्हाईक कुठून येतं ते त्यांना गल्ल्यातून कळत होतं.

चंडीगढची गोष्ट इतकी सरळ नाही, म्हणून ती मला जास्त उपयोगाची वाटते. हे शहर आखणारे वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांचा सेक्टर, म्हणजे शहराचा एक चौकोनी विभाग, 800 मीटर रुंद आणि 1200 मीटर लांब. त्याच्या आतून जाणारा बाजाररस्ता शेजारच्या सेक्टरच्या बाजाररस्त्याला जोडलेला, आणि दुकानं रस्त्याच्या एकाच बाजूला, सावलीची बाजू बघून. इथे वाटेचा विचार आहे. एका सेक्टरचा बाजार दुसऱ्याला जोडणं म्हणजे येता येता खरेदीची सोयच. पण सेक्टरच्या बाहेरच्या वेगवान रस्त्यांकडे घरांनी पाठ फिरवली, तिथे लांबच लांब भिंती आल्या, आणि ते रस्ते चालणाऱ्यासाठी काठावरचे खंदक झाले. हाच पेच त्याआधी 1929 मध्ये अमेरिकी नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांच्यापुढे होता. न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी त्यांनी ‘शेजार-घटक’ मांडला: सुमारे 160 एकर जमीन, पाव मैलाची त्रिज्या, मधोमध प्राथमिक शाळा, आणि दुकानं मात्र काठावर, दोन-चार घटक जिथे भेटतात त्या चौकांत. पेरींच्या नावाने पुष्कळ नाकं मुरडली जातात, पण दुकानं काठावर नेण्यात व्यवहारज्ञान होतं, कारण चौकावरच्या दुकानाला चार वस्त्यांचं गिऱ्हाईक मिळतं. हिशेब बिघडवला तो नंतरच्या रस्ते बांधणाऱ्यांनी. काठावरचा रस्ता सहा पदरी केला, की चारपैकी तीन वस्त्यांतली माणसं पलीकडेच अडकतात. सिग्नलला दीड मिनिट थांबून, अर्धा रस्ता पळत ओलांडून, दुभाजकावर श्वास घेऊन कुणी बटण विकत आणायला जात नाही. ज्या चौकात केंद्र हवं आहे तो चौक आणि वाहनांचा वेग वाढवायचा आहे तो चौक एकच असू शकत नाही, आणि आराखड्यात बहुतेक वेळा तो एकच असतो, कारण ठिपका काढणारं खातं वेगळं आणि पदर वाढवणारं खातं वेगळं.

व्हिक्टर ग्रुएन यांची शोकांतिका इथे आठवते. व्हिएन्नात जन्मलेल्या या वास्तुविशारदाने 1956 मध्ये मिनिआपोलिसजवळच्या ईडायना उपनगरात साउथडेल उभारलं, पूर्णपणे छताखालचं, वातानुकूलित असं आधुनिक मॉलचं पहिलं रूप. त्यांच्या डोक्यात होतं ते पायी फिरायचं गावच. दुकानांभोवती घरं, शाळा, दवाखाने, बागा असणार होत्या. प्रत्यक्षात भोवती वाहनतळ झाला. 1978 मध्ये लंडनच्या एका भाषणात त्यांनी जाहीर केलं, की या अनौरस अपत्यांची पोटगी मी देणार नाही. त्यांचं दुःख खरं होतं, पण अपत्य तसं का निपजलं याचं उत्तर आधीच दिसत होतं. दुकानं एकदम उभी राहिली आणि त्यांच्याकडे येणाऱ्या वाटा पुढे कधीतरी होतील या आशेवर ठेवल्या. पैसा लावणाऱ्याला ‘पुढे कधीतरी’ परवडत नाही. त्याने मोटारीने मुद्दाम येणारं गिऱ्हाईक गाठलं.

रहिवाशांचा विरोध वेगळा आणि जास्त जवळचा आहे: आवाज, वास, उशिरापर्यंतची गर्दी, दारात लावलेल्या गाड्या. यात स्वार्थ आहे असं म्हणून तो उडवून लावणारे लोक बहुधा स्वतः एखाद्या बेकरीच्या पंख्याच्या वर झोपलेले नसतात. मला हा विरोध समजतो. पण त्यावर ‘दुकानच नको’ हा एकच इलाज आहे का? जपानमधल्या सर्वांत कडक निवासी विभागातही घराला जोडून 50 चौरस मीटरपर्यंत दुकान किंवा छोटं कार्यालय चालतं, फक्त ते इमारतीच्या निम्म्यापेक्षा कमी असावं लागतं. त्याच्या वरच्या विभागात 150 चौरस मीटरपर्यंत. या नियमात मला आवडतं ते त्याचं माप धरून बोलणं. एवढ्या जागेत चालणारा धंदा आपोआपच शेजारच्या घरांपुरता राहतो. तिथे ट्रक भरून माल येत नाही, आणि आला तरी ठेवायला जागा नाही. जोडीला आवाज, धूर आणि वेळ यांचे नियम हवेत आणि ते पाळले जायला हवेत. शेजाऱ्याला त्रास गोंगाटाचा होतो. मग नियम गोंगाटाचा करा, धंद्याच्या नावाचा कशाला? गाड्यांचा प्रश्न तर नियमांनीच ओढवून घेतलेला आहे. एक मोटार उभी करायला, आतबाहेर करायच्या जागेसकट, 25 ते 30 चौरस मीटर लागतात. 50 चौरस मीटरच्या दुकानाला दोन गाड्यांची जागा सक्तीची केली, की दुकानाएवढंच दुसरं दुकान वाहनतळात गेलं. मग पायी येणाऱ्याला आधी तो वाहनतळ ओलांडावा लागतो, आणि तो म्हणतो, त्यापेक्षा गाडीच काढतो.

भाड्याच्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे असं ठाम उत्तर नाही. चालायला छान असा कोपरा झाला की त्याच्या आसपासची घरं महाग होतात, गाळ्यांचं भाडं चढतं, आणि ज्या चपला सांधणाऱ्यामुळे कोपरा जिवंत झाला तोच आधी उठतो. हे होतं. यातला एक भाग टंचाईचा आहे. शहरात असे दोनच कोपरे असतील तर तिथे झुंबड उडणारच, दोनशे झाले तर प्रत्येकाचा भाव उतरतो. दुसरा भाग इमारतींच्या वयाचा आहे. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी 1961 मध्ये बजावलं होतं, की नव्या धंद्याला जुनी इमारत लागते, कारण नव्या बांधकामाचा खर्च नवखा माणूस पेलू शकत नाही. म्हणजे केंद्र आखताना सगळं पाडून नवंकोरं करणं हा त्याला मारण्याचा खात्रीचा मार्ग. पॅरिसने 2004 पासून एका नगर-कंपनीमार्फत काही भागांतले तळमजले विकत घेऊन छोट्या दुकानदारांना भाड्याने द्यायला सुरुवात केली, कारण एकाच प्रकारच्या घाऊक धंद्याने गल्ल्याच्या गल्ल्या व्यापल्या होत्या. श्रीमंत शहराला ते जमलं. सगळ्यांना जमेल असं मी म्हणणार नाही.

बंदी घालून छोट्यांना वाचवता येतं, यावर मात्र माझा विश्वास नाही. फ्रान्सने 1973 च्या रुवाये कायद्याने मोठ्या दुकानांना खास परवानगीची अट घातली. तरी गावाबाहेरची अजस्र दुकानं पसरतच गेली. जपाननेही त्याच सुमारास असाच कायदा केला आणि 2000 मध्ये तो गुंडाळला. ज्या जपानच्या नियमाचं मी वर कौतुक केलं, त्याच देशातल्या लहान शहरांत बाजाराच्या छतबंद गल्ल्या आज ‘शटर-गल्ल्या’ म्हणून ओळखल्या जातात, कारण दिवसाढवळ्या सगळी शटरं खाली असतात. नियम उदार, दुकानं जवळ, वाटाही सुरेख, पण वाटेवरून चालायला माणसं उरली नाहीत. तरुण मोठ्या शहरांत गेले, राहिलेले मोटारीने हमरस्त्यावरच्या दुकानाकडे वळले. माझ्या मांडणीची हद्द इथे संपते आणि ती मला लपवायची नाही. वर्दळ नियमाने निर्माण होत नाही. नियम तिला फक्त अडवू किंवा वाहू देऊ शकतो.

तसाच एक भ्रम केंद्राच्या समर्थकांनी सोडलेला बरा: सगळं जवळ आलं की लोक प्रवासच करणार नाहीत. स्टॉकहोमजवळचं व्हेलिंगबी 1954 मध्ये खुलं झालं. नगररचनाकार स्वेन मार्केलियस यांच्या काळात आखलेल्या या उपनगराचं ब्रीद होतं काम, घर आणि केंद्र, तिन्ही एकत्र. घरं झाली, केंद्र झालं, कामाच्या जागाही झाल्या. पण त्या जागांवर काम करायला लोक दुसरीकडून येत राहिले आणि इथले लोक दुसरीकडे जात राहिले, कारण नोकरी ही बटणासारखी जवळ मिळाली म्हणून कुणी घेत नाही. तरी व्हेलिंगबीचं केंद्र जगलं. का? ते भुयारी रेल्वेच्या स्थानकाला लागून, रुळांवर टाकलेल्या तळावर बांधलेलं आहे. कामाला जाणारा सकाळी त्यातून जातो आणि संध्याकाळी त्यातूनच परततो. प्रवास कमी झाला नाही, त्याचंच गिऱ्हाईक झालं. सिंगापूरच्या गृहनिर्माण मंडळाने 1960 पासून उभारलेल्या वसाहतींतही हेच दिसतं. थांब्यापासून इमारतीच्या जिन्यापर्यंत छप्पर घातलेली वाट, आणि तिच्या काठाने दुकानं. तिथे कोणत्या गाळ्यात कोणता व्यवसाय यावरही मंडळाची नजर असते, म्हणजे ‘ते विकणाऱ्यावर सोडा’ या माझ्या म्हणण्याला तो उघड अपवाद आहे. पण जमीन, घरं आणि गाळे तिन्ही एकाच हातात असलेल्या शहराचा हा कित्ता, ज्यांच्या हातात यातलं एकही नाही त्यांनी गिरवायला घेतला तर फक्त परवान्यांची खिडकी लांबते.

तेव्हा पुढच्या वेळी आराखड्यावर हरकती मागवल्या जातील, तेव्हा दुकानं हवीत की नकोत यावर तावातावाने बोलण्याआधी एक साधं काम करता येईल. ठिपका जिथे दाखवला आहे तिथून आपल्या दारापर्यंत चालत यावं, शक्यतो दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, आणि किती वेळा थांबावं लागलं ते मोजावं. मग आराखड्यातल्या वर्तुळाऐवजी पाच मिनिटांत खरोखर पोचता येणाऱ्या जागांचा नकाशा मागावा. तो निघाला की त्याला खाचा पडलेल्या दिसतील आणि प्रत्येक खाचेमागे एखादी भिंत, एखादा सहा पदरी रस्ता किंवा एखादं कुलूपबंद फाटक निघेल. रस्ता अरुंद करायला वर्षं लागतात. फाटकाला लोहार आणि एक ठराव पुरतो, पण ठरावाच्या सभेत तासभर एकच वाद चालतो: रात्री दहानंतर किल्ली कोणाकडे राहणार, आणि पहाटे साडेपाचला, पहिली बस पकडणाऱ्यांसाठी, ते कुलूप कोण काढणार?